ऐच्छिक मानकांची सक्ती

तंत्रज्ञानाच्या व्यवहारात 'ऐच्छिक' या शब्दाइतका फसवा शब्द क्वचितच सापडेल. एखादे मानक ऐच्छिक आहे असे सांगितले की, ते पाळायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे, त्यात कोणावर बळजबरी नाही, अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. आणि जेथे बळजबरी नाही तेथे राजकीय चर्चेचे कारणही नाही, असा निष्कर्ष त्यातून आपोआप निघतो. कायदा विधिमंडळात होतो. त्यावर भाषणे होतात, मोर्चे निघतात, दुरुस्त्या सुचवल्या जातात. मानक मात्र समितीच्या खोलीत तयार होते आणि ते तयार झाल्याची वार्ता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरही येत नाही. तरीही श्रमिकाच्या जीवनात जी उलथापालथ कायद्याने होत नाही ती पुष्कळदा मानकाने होते. ब्लॉकचेन नावाच्या तंत्रासाठी ऐच्छिक मानके घडवण्याचे काम २०१६ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर चालू आहे. त्याकडे कामगार, शेतकरी व आदिवासी यांच्या चळवळींनी दुर्लक्ष करणे का परवडणार नाही, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

नवी चोपडी

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या हाती एकाच वेळी असणारी हिशेबाची वही. सावकाराच्या चोपडीची प्रत एकच, आणि तीही त्याच्याच पेटीत. येथे तीच वही अनेक संगणकांवर ठेवलेली असते. नोंदींचा एक गठ्ठा पुरा झाला की पुढच्या गठ्ठ्यात त्याचा गणिती ठसा घातला जातो आणि असे गठ्ठे साखळीसारखे एकमेकांत गुंफले जातात. मधल्या एखाद्या नोंदीत खाडाखोड केली तर पुढचे सारे ठसे बिघडतात आणि लबाडी उघडी पडते. सातोशी नाकामोटो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसृत झालेल्या टिपणातून या कल्पनेला आजचे रूप मिळाले आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉईन हे त्यावरचे पहिले चलन सुरू झाले. पुढे या चलनांचा जो सट्टाबाजार माजला तो सर्वांना ठाऊक आहे.

या सट्ट्यामुळेच पुरोगामी वर्तुळात एक सोपा पवित्रा रूढ झाला आहे: हा सारा श्रीमंतांचा जुगार आहे, श्रमिकांना त्याच्याशी कर्तव्य नाही. जुगाराविषयीचा तिरस्कार योग्यच आहे. परंतु जुगार वेगळा आणि वही वेगळी. वहीने सट्टाबाजार केव्हाच ओलांडला आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ब्लॉकचेनविषयीचे राष्ट्रीय धोरण प्रसिद्ध केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'विश्वस्य' या नावाने सरकारी कामकाजासाठी ब्लॉकचेनची राष्ट्रीय व्यवस्था जाहीर केली. प्रमाणपत्रे, जमिनीचे दस्त, मालाच्या पावत्या हे सारे या वहीत उतरवण्याचे बेत निरनिराळ्या राज्यांत आखले जात आहेत. ज्याच्याजवळ हक्काचा पुरावा म्हणून एक कागदच असतो त्या माणसाचा या वहीशी संबंध येणार नाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

समितीत बसतो कोण?

आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, १९४७ सालापासून काम करीत आहे. तिने २०१६ मध्ये ब्लॉकचेनसाठी 'टीसी ३०७' या क्रमांकाची समिती नेमली आणि तिचे सचिवालय ऑस्ट्रेलियाच्या मानक संस्थेकडे दिले. समितीने करारांच्या स्वयंचलनावर २०१९ मध्ये एक अहवाल काढला, २०२० मध्ये पारिभाषिक शब्दांचे मानक दिले, त्याच वर्षी खासगी माहितीच्या संरक्षणावर टिपण प्रसिद्ध केले, तर २०२२ मध्ये रचनेचा नमुना आणि कारभाराविषयीची मार्गदर्शक तत्त्वे पुढे आणली. शब्दांच्या मानकाची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. आयएसओच्या कामात प्रत्येक देशाची एक राष्ट्रीय संस्था भाग घेते. भारताच्या वतीने भारतीय मानक ब्यूरो हे काम पाहतो. मसुदा मंजूर होण्यासाठी मतदान करणाऱ्या सहभागी सभासदांपैकी दोनतृतीयांशांची संमती लागते आणि एकूण मतांपैकी विरोधी मते चौथ्या हिश्शाहून अधिक असून चालत नाहीत. एका देशाला एकच मत, ही पद्धत वरकरणी तरी लोकशाहीची आहे.

परंतु मत देण्याच्या वेळेपर्यंत महत्त्वाचे बहुतेक ठरून गेलेले असते. मसुदा लिहितो कोण, शब्दांची व्याख्या सुचवतो कोण, देशोदेशीच्या बैठकांना वर्षानुवर्षे तज्ज्ञ पाठवण्याचा खर्च सोसतो कोण, हे खरे प्रश्न आहेत. बड्या कंपन्यांना आपला माणूस पूर्ण पगारावर या कामाला लावणे सहज शक्य असते, कारण त्यांच्या दृष्टीने ती गुंतवणूक असते. कामगार संघटनेला, ग्राहक पंचायतीला किंवा आदिवासींच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मंडळाला ते शक्य नसते. दरवाजा उघडा असणे आणि आत जाण्याची ऐपत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यातही तयार झालेल्या आयएसओ मानकाचा मजकूर विकत घ्यावा लागतो. ज्या नियमाने जगायचे तो वाचण्यासाठीही पैसे मोजायचे, ही लोकशाहीतील विलक्षण अवस्था आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात, जी मानके कायद्याचा भाग झाली आहेत ती नागरिकांना पाहायला मिळण्यात सार्वजनिक हिताची वरचढ गरज आहे, असे मान्य केले. भारतातील चळवळींनी या निर्णयाची दखल घ्यावयास हवी.

पेटीचे माप आणि गोदीची भाकरी

ऐच्छिक मानकाची सक्ती कशी होते याचा सर्वांत बोलका धडा कंटेनरच्या इतिहासात आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. त्या वेळी प्रत्येक कंपनीची पेटी निरनिराळ्या मापाची होती. पुढे आयएसओच्या समितीत वर्षानुवर्षे वाटाघाटी होऊन १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेटीची मापे ठरली; २० फूट आणि ४० फूट या लांब्या आज जगभर रूढ आहेत. ते मानक ऐच्छिक होते. कोणत्याही बंदराला ते मानण्याची सक्ती नव्हती. मात्र जे बंदर त्या मापाची यारी उभारणार नाही त्याच्याकडे जहाज फिरकणार नाही, एवढेच!

परिणाम लंडनच्या गोद्यांवर दिसला. १९६७ ते १९८१ या काळात तेथील जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. मुंबईकरांनी तो वेगळ्या रूपात पाहिला. न्हावा शेवा येथील नवे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कंटेनरचा व्यवहार खाडीपलीकडे सरकत गेला. मुंबईच्या गोदीत पाठीवर माल वाहणाऱ्या पिढ्यांचे काम आटत गेले. यांत्रिकीकरणाला आंधळा विरोध करावा असा याचा अर्थ नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेने १९६० मध्येच मालकांशी करार करून यंत्रे स्वीकारण्याच्या बदल्यात रोजगाराची व निवृत्तीची हमी मिळवली होती. मुद्दा असा की, समितीच्या मेजावर चर्चा पेटीच्या लांबी-रुंदीची, कोपऱ्यांच्या खोबणीची आणि वजनाची झाली. ती पेटी ज्यांच्या हातचे काम घेणार होती त्यांचा प्रश्न 'तांत्रिक' नसल्यामुळे कार्यक्रमपत्रिकेवर आलाच नाही. मानकाच्या राजकारणाचे मर्म यातच आहे. काय तांत्रिक आणि काय तांत्रिक नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याने अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते.

त्याच सागरी व्यापारात ब्लॉकचेनचाही प्रयोग झाला. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये 'ट्रेडलेन्स' नावाची वही सुरू केली. जहाज कंपन्या, बंदरे, जकात खाती या सर्वांनी एकाच वहीत लिहावे, अशी कल्पना होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती गुंडाळत असल्याची घोषणा झाली. साऱ्या व्यवसायाचे जागतिक सहकार्य मिळाले नाही, असे कारण खुद्द चालकांनीच दिले. वही सर्वांची आहे असे सांगितले जात होते, पण तिच्या पुठ्ठ्यावर एका प्रतिस्पर्ध्याचे नाव होते. दरम्यान २०१९ मध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी एकत्र येऊन कागदपत्रांच्या मानकांसाठी स्वतंत्र संस्था काढली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्या सभासदांनी २०३० पर्यंत बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याचा हक्कदर्शक कागद, पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करण्याचे ठरवले. एका कंपनीची वही बुडाली. कंपन्यांच्या संघाचे मानक मात्र पुढे सरकले. मक्तेदारीला जे उघडपणे साधत नाही ते मानकाच्या मार्गाने सौम्यपणे साधते, हे यातून घेण्यासारखे आहे.

ऐच्छिक मानकाला बळ देणारा दुसरा स्रोत म्हणजे जागतिक व्यापार संघटना. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारानुसार, जेथे आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात असेल तेथे सभासद देशांनी आपले तांत्रिक नियम त्याच्या आधारे बेतावयाचे असतात. अपवाद आहेत, पण रोख हाच आहे. अर्थात या शस्त्राला दोन धारा आहेत. युरोपीय संघाने 'सार्डिन' हे नाव आपल्याच किनाऱ्यावरील माशाच्या जातीसाठी राखून ठेवले होते. त्यावर पेरूने तक्रार केली आणि खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार घेतला. ते मानक ऐच्छिकच होते. सप्टेंबर २००२ मध्ये अपील मंडळाने पेरूच्या बाजूने कौल दिला. दक्षिण अमेरिकेतील एका देशाने एका ऐच्छिक मानकाच्या बळावर साऱ्या युरोपला नमवले! तात्पर्य, मानक हे स्वभावतः बड्यांचे नसते. ते लिहिताना जो हजर असतो त्याचे ते असते.

खासगी नियम, सरकारी सक्ती

भारतातील कोट्यवधी लोक ब्लॉकचेनच्या एका मानकाखाली आजही वावरत आहेत, याची त्यांना कल्पनाही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१८ मध्ये व्यापारी संदेशांविषयी विनियम काढले आणि नको असलेल्या संदेशांना आळा घालण्यासाठी वाटलेल्या नोंदवहीचे, म्हणजे ब्लॉकचेनच्याच कुळातले, तंत्र अनिवार्य केले. घाऊक संदेश पाठवणारी बँक असो की लहानशी पतसंस्था, तिने दूरसंचार कंपन्यांच्या या वहीत आपली नोंदणी करावयाची, पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा साचा आधी मंजूर करून घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. तिचा हेतू चांगला होता. परंतु तपशिलाच्या आचारसंहिता लिहिण्याचे काम विनियमांनी दूरसंचार कंपन्यांकडेच सोपवले. राज्यसंस्थेने सक्ती पुरवली आणि कंपन्यांनी नियम पुरवले.

८ मार्च २०२१ रोजी साच्यांची कडक तपासणी सुरू झाली आणि देशभर गोंधळ उडाला. बँकेचे व्यवहार आणि इतर सेवा यांसाठी लागणारे एकवेळचे सांकेतांक लोकांपर्यंत पोहोचेनात. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती तपासणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. संदेश अडला तेव्हा बँकेने दूरसंचार कंपनीकडे बोट दाखवले आणि दूरसंचार कंपन्यांनी साचे न नोंदवणाऱ्या संस्थांकडे. वही अनेकांची असली की दोषही अनेकांचा होतो आणि अनेकांचा दोष म्हणजे व्यवहारात कोणाचाच नव्हे. ज्याचा पैसा त्या दिवशी अडकला त्याने कोणाच्या दारात जावे, याचे उत्तर कोणत्याही साच्यात नव्हते.

न पुसणारी चूक

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळले पाहिजे. ब्लॉकचेनचा सर्वांत मोठा गुण म्हणून जो सांगितला जातो तो म्हणजे अपरिवर्तनीयता: एकदा चढलेली नोंद बदलता वा काढता न येणे. मानकाच्या शब्दकोशातही ही संकल्पना याच अर्थाने नांदते. सावकाराच्या खाडाखोडीने नाडलेल्या समाजाला हा गुण आकर्षक वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्राचा इतिहास याहून खोल धडा देतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्यांचा रोख माणसांवर नव्हता; कर्जरोखे आणि चोपड्या यांवर होता. ते रोखे हस्तगत करून जाळणे हे उठावाचे मुख्य लक्ष्य होते. त्या रोख्यांपैकी पुष्कळ कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होते. त्यांवर अंगठे होते, साक्षी होत्या, रकमा स्पष्ट होत्या. दिवाणी न्यायालय तो कागद पाही, खरा आहे असे ठरवी आणि हुकूमनामा देई. अन्याय कागदाच्या खोटेपणात नव्हता. तो कागद ज्या परिस्थितीत लिहून घेतला गेला त्या परिस्थितीत होता. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दोन गोष्टी केल्या. शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत असे सांगितले, आणि न्यायालयाने रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहाराचा सारा इतिहास तपासावा असे बंधन घातले. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, हे खरे. परंतु कागद शुद्ध असणे म्हणजे न्याय असणे नव्हे, हे तत्त्व त्याने परकीय राजवटीतही मान्य करून घेतले. रोखे जळाल्यावाचून ते मान्य झाले नसते.

ब्लॉकचेनचे तत्त्वज्ञान नेमके याच्या उलट दिशेने जाते. संगणकाची आज्ञावली हाच कायदा, असे त्याचे पुरस्कर्ते अभिमानाने सांगत आले. २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर 'द डाओ' नावाचा गुंतवणूक निधी उभा राहिला आणि त्यात सुमारे १५ कोटी डॉलर जमले. त्याचे करार संगणक आपोआप अमलात आणणार होता. जूनमध्ये कोणा एकाने आज्ञावलीतील फट शोधून सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे तेथील चलन, वळवून घेतले. आज्ञावली हाच कायदा असेल तर त्याने कायदा मोडला नव्हता. तरीही २० जुलै २०१६ रोजी इथेरियमची साखळी फिरवण्यात आली आणि तो पैसा परत मिळवण्याची सोय झाली. ज्यांना हे तत्त्वभ्रष्ट वाटले ते जुन्या साखळीवर राहिले. तिला आज इथेरियम क्लासिक म्हणतात.

या घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. अपरिवर्तनीयता हा यंत्राचा गुणधर्म नसून सत्तेचा प्रश्न आहे. नुकसान बड्या गुंतवणूकदारांचे झाले आणि आज्ञावली लिहिणारे व साखळी चालवणारे एका बाजूला आले, तेव्हा न बदलणारी वही बदलली. हीच वही एखाद्या शेतमजुराच्या नावातील चुकीसाठी बदलेल काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली भागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे देण्याचा उपक्रम जाहीर झाला. प्रमाणपत्राची नक्कल वा फेरफार करून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या जातात, हे महाराष्ट्रातील कटू सत्य आहे आणि त्याला आळा घालण्याच्या हेतूबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अशी वही एवढेच सांगू शकते की, दिलेल्या प्रमाणपत्रात नंतर बदल झालेला नाही. ते मुळात योग्य माणसाला मिळाले काय, हे ती सांगू शकत नाही. माडिया गोंड कुटुंबाची खरी अडचण प्रमाणपत्र खोटे ठरण्याची नसते. ते मिळण्याचीच असते. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या पाड्यांत त्या काळी शाळाच नव्हती तेथे शाळेचा दाखला कोठून यावा? आजोबांचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच असेल तर दोष लिहिणाऱ्याचा, पण शिक्षा नातवाला. अशी चूक साध्या कागदावर असते तेव्हा तहसील कार्यालयात खेटे घालून ती सुधारता येते. ती गणिती ठशाने शिक्कामोर्तब होऊन वहीत चढली की तिला सत्याचा दर्जा प्राप्त होतो आणि कारकुनाला 'आता यंत्रात बदल होत नाही' असे सांगण्याची सोय होते.

फेरफाराचा धडा

यावर तंत्रज्ञ उत्तर देतील की, जुनी नोंद पुसता आली नाही तरी दुरुस्तीची नवी नोंद घालता येते. हे खरे आहे आणि समाजवाद्यांची मागणी येथूनच सुरू झाली पाहिजे. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. सातबारावर जुने नाव खोडले जात नाही, त्याला कंस केला जातो; त्यामागचा फेरफार क्रमांक शेजारी राहतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद करतो, ती चावडीवर लावतो, संबंधितांना सूचना देतो, हरकत आल्यास ती तक्रार नोंदवहीत घेतो आणि वरचा अधिकारी चौकशी करून नोंद प्रमाणित करतो. लेखनातील चुकांच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे. या यंत्रणेत लाचलुचपत आहे, दिरंगाई आहे, हे कोण नाकारील? परंतु तिच्या रचनेत सूचना, हरकत, सुनावणी आणि जबाबदार अधिकारी या चारही गोष्टी लिहिलेल्या आहेत. म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो आणि अपीलही करता येते. ब्लॉकचेनच्या मानकात या चार गोष्टी नसतील तर मोर्चा कोणत्या दारावर न्यायचा?

ऐच्छिक मानकांचे समर्थक म्हणतात की, सरकारी नियमन संथ असते, ते तंत्राचा गळा घोटते. उलट जाणकारांनी मिळून केलेली मानके निरनिराळ्या वह्यांना एकमेकींशी बोलू देतात आणि एकाच कंपनीची मक्तेदारी टाळतात. या म्हणण्यात तथ्य आहे. सामायिक मानक नसेल तर एका कंपनीच्या वहीत अडकलेले राज्य सरकार कायमचे तिचे कूळ बनेल. म्हणून समाजवाद्यांचा विरोध मानकाला असू शकत नाही. वजने-मापे सारखी असावीत ही मागणी बाजारात नाडल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचीच होती. विरोध आहे तो तराजू व्यापाऱ्यांच्या समितीने ठरवावा आणि तो पंचांनी ठरवला असे जाहीर करावे, या प्रकाराला.

म्हणून पुढील मागण्या पक्षाच्या व जनसंघटनांच्या कार्यक्रमात यावयास हव्यात. पहिली, नागरिकांच्या हक्कांशी संबंधित अशा कोणत्याही नोंदवहीसाठी सरकार जे मानक स्वीकारील त्याचा संपूर्ण मजकूर मराठीसह भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध व्हावा. दुसरी, मानक ब्यूरोच्या संबंधित समितीवर ग्राहकांबरोबरच कामगार संघटना, शेतकरी संघटना आणि आदिवासींचे प्रतिनिधी असावेत व त्यांच्या प्रवासाचा आणि अभ्यासाचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा. तिसरी, दुरुस्तीची नोंद कोण करील, किती दिवसांत करील आणि जुनी नोंद रद्द झाल्याचे प्रत्येक प्रतीवर कसे दिसेल, हे मानकातच लिहिलेले असावे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने दुरुस्तीचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क शब्दांत मान्य केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वहीच्या मानकात त्या हक्काला जागा नसेल तर तो कायद्याच्या पुस्तकातच राहील. चौथी, प्रत्येक वहीमागे नाव, हुद्दा आणि कचेरी असलेला जबाबदार अधिकारी असावा. पाचवी, ऐच्छिक मानक सक्तीचे करताना ते केवळ अधिसूचनेने न करता विधिमंडळापुढे चर्चेसाठी ठेवावे.

यातील काही कामासाठी सत्ता येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मानक ब्यूरो आपले मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसृत करतो. ते वाचून ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती पाठवण्याचा अधिकार कोणालाही आहे. आजवर हा अधिकार मुख्यतः कारखानदारांनी वापरला. जिल्ह्याच्या पातळीवर शिक्षक, वकील, बँक कर्मचारी आणि संगणकाचे काम करणारे तरुण कार्यकर्ते यांची छोटी अभ्यासमंडळे निघाली आणि त्यांनी तलाठी कार्यालय, जातपडताळणी समिती, रेशन दुकान येथील लोकांचा प्रत्यक्ष अनुभव या मसुद्यांवरील हरकतींत उतरवला, तर समितीतील तज्ज्ञांना ज्या गोष्टी 'तांत्रिक' वाटत नाहीत त्या त्यांच्या कागदावर येतील. हे काम रुक्ष आहे. त्यात घोषणा नाहीत, मिरवणूक नाही. परंतु पेटीचे माप ठरत असताना गोदीतल्या माणसाची आठवण कोणी करून दिली नाही, त्याची किंमत एका पिढीने मोजली. आता माप ठरते आहे ते सातबाराच्या उताऱ्याचे, जातीच्या दाखल्याचे आणि मजुराच्या हजेरीपटाचे. वही लिहून झाल्यावर तिच्याविरुद्ध आंदोलन करण्यापेक्षा ती कशी लिहावी हे ठरवणाऱ्या समितीत आजच जागा मागणे, हे चळवळीचे कर्तव्य आहे.